आठ करवंट्यांचं पाणी

साईनाथराव मुणगेकर केमिस्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे त्यांची बाजू घेताना आपल्यालाच अवघड जाईल.

डोंबिवली पूर्वेच्या नवसंकल्प सोसायटीत मात्र ते गेली बावीस वर्षं केमिस्ट होते. राहायला आले त्या आठवड्यात कुणीतरी जिन्यात विचारलं, "कुठे असता?" साईनाथराव म्हणाले, "एमआयडीसीत. केमिकल कंपनीत." यात खोटं काहीच नव्हतं. कंपनी केमिकलची होती आणि साईनाथराव तिच्यात होते. फक्त ते डिस्पॅच खात्यात होते. पिंपावरचं लेबल बघायचं, ट्रकचा नंबर बघायचा, पिंपं मोजायची आणि गेटपासवर सही करायची, हे त्यांचं काम. पिंपात काय आहे हे तीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही उगाच झाकण उघडून पाहिलं नाही.

पण सोसायटीला केमिस्ट हवा होता. चोवीस घरांत दोन सीए, एक वकील आणि चार इंजिनीअर होते, केमिस्ट एकही नव्हता. मग दुधात भेसळ आहे का बघा, मुंग्यांना काय घालू सांगा, शर्टावरचा हळदीचा डाग काढून द्या, अशी माणसं येऊ लागली. साईनाथराव दूध हुंगत, डागाकडे चष्मा वर करून बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"वर त्यांनी बावीस वर्षं काढली. आपण केमिस्ट आहोत असं ते एकदाही म्हणाले नव्हते. नाही, असंही म्हणाले नव्हते. त्यांच्या मते या दोन गोष्टींच्या मधली जी जागा असते, तिथे सभ्य माणूस आरामात राहू शकतो.

"एक दिवस हे अंगाशी येणार आहे," असं हेमाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अधूनमधून भाजी चिरताना सांगत. साईनाथराव त्यावरही "हं" म्हणत.

तो दिवस यायला सोसायटीच्या सेक्रेटरीचं पोट कारण झालं. सेक्रेटरी विनीत हा चाळिशीचा, बँकेत नोकरीला असलेला आणि अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस. तो शनिवारी खडवलीला मित्राच्या हळदीला गेला, तिथे नदीकाठी रात्रीचं यथेच्छ जेवला, वर भर उन्हाळ्यात बर्फाचा गोळा खाल्ला आणि रविवारी सकाळी त्याचं पोट बिघडलं. आता कुठल्याही शहाण्या माणसाला यात पुढचं काही शोधावंसं वाटणार नाही. पण विनीत सेक्रेटरी होता. स्वतःच्या पोटातसुद्धा तो सोसायटीचा प्रश्न बघू शकत असे. त्याने संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा बोलावली.

"मी सकाळपासून सहा वेळा जाऊन आलोय," त्याने सभेला माहिती दिली. "पाण्यातच प्रॉब्लेम आहे."

सगळ्यांच्या माना धाकूकडे वळल्या. धाकू हा सोसायटीचा पंपवाला. अठरा वर्षं तो पंपाशेजारच्या खोलीत राहत होता. टाकी भरायची, धुवायची आणि रोज सकाळी पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची, ही सगळी कामं त्याची.

"पावडर टाकतोस ना रे रोज?" विनीतने विचारलं.

"टाकतो ना साहेब. एक करवंटी."

"करवंटी म्हणजे किती?"

"करवंटी म्हणजे करवंटी. नारळाची."

"हे बघा," विनीत सभेला म्हणाला, "दोन हजार पंचवीस साल उलटून गेलं आणि आपलं पाणी करवंटीवर चाललंय. मी मागेच बोललेलो, एजन्सीला काम द्या. मशीन लावतात, ॲपवर रीडिंग येतं. धाकूला किती दिवस ठेवायचं?"

धाकूने पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा एक खडा बाजूला सारला. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई, वय वर्षं पंचाहत्तर, खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, एजन्सी कशाला? आपल्याकडे घरचा केमिस्ट आहे. ते तपासतील की पाणी. मग ठरवा धाकूचं."

झालं. सभेने टाळ्या वाजवल्या. साईनाथरावांच्या तोंडून सवयीने "हं" गेलं आणि नवसंकल्प सोसायटीच्या जल परीक्षण समितीचे ते एकमेव सदस्य झाले. अहवाल आठवडाभरात द्यायचा होता. पाणी वाईट निघालं तर धाकू जाणार, हेही त्याच टाळ्यांत ठरून गेलं.

"सांगून टाका, डिस्पॅचला होतो म्हणून," रात्री हेमाताई म्हणाल्या.

"अगं, आता कसं सांगू? टाळ्या वाजवल्यात लोकांनी."

दुसऱ्या दिवशी साईनाथराव कल्याणला जाऊन पाण्यातलं क्लोरीन मोजायची पेटी घेऊन आले. पेटीत दोन काचेच्या नळ्या, औषधाची एक बाटली आणि पिवळ्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचं एक कार्ड होतं. वापरायची रीत अगदी सोपी होती. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे. फिका पिवळा रंग आला तर पाण्यात हवं तेवढं क्लोरीन शिल्लक आहे, पाणी प्या. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही, म्हणजे जंतूंना कुणाची भीती नाही. सोबतच्या कागदावर एक सूचना ठळक छापली होती: नमुना टाकीतून न घेता ग्राहकाच्या घरून घ्यावा.

साईनाथराव छापील सूचनेचे भक्त होते. तीस वर्षं त्यांनी कागदावर जे असेल तेच ट्रकमध्ये चढवलं होतं. त्यांनी चोवीस फ्लॅटांची यादी केली, वहीत रकाने आखले, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवली आणि मंगळवारी सकाळी दहा वाजता पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली.

दार रुचिताने उघडलं. ही घरूनच काम करणारी मुलगी, कानाला सतत हेडफोन.

"पिण्याचं पाणी हवंय थोडं. तपासायला."

"हो काका, या ना. नॉर्मल देऊ की थंड? की मिक्स?"

"नॉर्मल," साईनाथराव गंभीरपणे म्हणाले. रुचिताने फिल्टरचं पाणी काचेच्या ग्लासात, ग्लास बशीत आणि बशीच्या कडेला एक खजूर ठेवून आणून दिलं. त्यांनी नळीत पाणी घेतलं, पाच थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. त्यांनी वहीत लिहिलं, शून्य.

दुसऱ्या मजल्यावर एका सूनबाईंनी दिलेल्या पाण्याला मात्र थेंब टाकण्याआधीच सुरेख पिवळट रंग होता. साईनाथरावांना आनंद झाला. मग वास आला. घरात तान्हं बाळ होतं आणि ते ओव्याचं उकळलेलं पाणी होतं. "दुसरं साधं द्या," म्हटल्यावर सूनबाईंनी ओव्याशिवाय उकळून गार केलेलं दिलं, आणि डिंकाचा लाडू. शून्य.

रमाबाईंच्या घरी तर पाण्याचा वेगळा संसार होता. नळाचं पाणी आधी उकळायचं, मग चौपदरी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी माठात ओतायचं, माठात वाळ्याची जुडी. त्यातलं पाणी त्यांनी चकचकीत तांब्या-भांड्यात आणलं आणि बरोबर गुळाचा खडा दिला. "नुसतं पाणी देऊ नये हो माणसाला," त्या म्हणाल्या. पाण्याला वाळ्याचा मंद सुगंध होता. क्लोरीन म्हणाल तर शून्य.

एक वाजेपर्यंत साईनाथराव चार मजले हिंडले. त्यांच्या पोटात गुळाचे सहा खडे, दोन लाडू, एक बशी पोहे आणि "काका, तुम्ही दमलात" म्हणून दिलेलं कोकम सरबत गेलं होतं. वहीत चोवीस शून्यं होती. स्वतःच्या घरचंही त्यांनी सोडलं नाही. हेमाताईंनी फिल्टरखाली पेला धरला, भरला, पदराने बाहेरून पुसला आणि हातात दिला. शून्य.

खाली पंपाजवळ धाकू उभा होता. "काय निघालं, साहेब?"

"काहीच निघालं नाही. तेच वाईट आहे."

"माझ्या नळाचं बघता का? इथलंच आहे, डायरेक्ट." त्याने स्टीलचा पेला पुढे केला.

साईनाथरावांनी यादी पाहिली. यादीत फ्लॅट क्रमांक एक ते चोवीस होते. पंपाच्या खोलीला क्रमांक नव्हता. "तू ग्राहकात येत नाहीस," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. धाकूने पेला परत घेतला आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं. या जागी आपण साईनाथरावांना एक चिमटा काढायला हरकत नाही. सबंध इमारतीत खऱ्या पाण्याचा एकच पेला त्यांच्यासमोर आला होता, आणि तो त्यांनी रकाना नाही म्हणून परत पाठवला.

पण साईनाथराव वाईट माणूस नव्हते. चोवीस शून्यं विनीतला दाखवली तर धाकूची खोली जाईल, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी अहवाल थांबवला आणि धाकूला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्यापासून दोन करवंट्या."

बुधवारी त्यांनी पुन्हा दहा घरं घेतली. शून्य. गुरुवारी चार करवंट्या. शून्य. रुचिताने आता न विचारता मिक्स पाणी आणलं होतं. शुक्रवारी साईनाथराव आठ करवंट्यांवर गेले.

"साहेब, डोळे चुरचुरतात माझे कालवताना," धाकू म्हणाला. "आणि चहा पण कसातरीच लागतो."

"डोळे चुरचुरतात म्हणजे पावडर ताजी आहे. पुढे रंग आला की कमी करू."

"तुम्ही बोलता म्हणून टाकतो, साहेब. तुम्ही शिकलेले."

आता कुणीही विचारील की एवढ्या पावडरीचा वास चोवीस घरांपैकी एकालाही आला कसा नाही? आला. सगळ्यांनाच आला. बाथरूममध्ये बादली भरली की नाकात झिणझिण्या येत. पण आपण डोंबिवलीत आहोत. इथला माणूस जन्मल्यापासून कंपन्यांच्या वासावर वाढलेला. कुबट वास आला की सोमवार, आंबट आला की वारा पूर्वेचा, इतकी त्याची नाकाची तयारी असते. घरात विचित्र वास आला की तो आधी उठून खिडक्या लावतो आणि मग कुठल्या कंपनीचा म्हणून चर्चा करतो. वास घरातूनच येत असेल ही शंका डोंबिवलीकराच्या मनाला शिवत नाही. नवसंकल्पमध्येही गुरुवारी सगळ्यांनी खिडक्या गच्च लावल्या. त्यामुळे वास दुप्पट झाला. त्यामुळे खिडक्यांच्या फटीत जुने टॉवेल कोंबले गेले.

शुक्रवारी रमाबाईंची काळी चंद्रकळा, जी संक्रांतीपासून धुवायची राहिली होती आणि दोन दिवस बादलीत भिजत होती, ती बाहेर काढली तर चहाच्या रंगाची निघाली. रुचिताचे केस खराट्यासारखे झाले. विनीतच्या ऑफिसच्या निळ्या शर्टावर ढग उमटले.

"गॅस सोडतायत रात्रीचा," विनीत म्हणाला. त्याचं पोट एव्हाना बरं झालं होतं, त्यामुळे त्याला नव्या कामाची गरज होती. "तक्रार गेली पाहिजे. आणि साध्या माणसाची नको. काका, तुम्ही सही करा."

साईनाथरावांनी अर्ज लिहायला घेतला. मजकूर जोरदार झाला. हवेत क्लोरीनसदृश तीव्र वास आहे, असं पहिल्या परिच्छेदात. दुसऱ्यात, नळाच्या पाण्यात मात्र क्लोरीनचा अंशही नाही, हे मी चोवीस घरी स्वतः तपासलं आहे. म्हणजे जे पाण्यात असायला हवं ते हवेत आहे आणि पाणी कोरडं आहे. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते हेमाताईंना दोनदा वाचून दाखवलं. शेवटी सही केली. सहीखाली विनीत म्हणाला, "हुद्दा लिहा ना." साईनाथरावांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, केमिस्ट, आणि कंसात, निवृत्त.

बावीस वर्षांत प्रथमच ती गोष्ट कागदावर आली होती. हेमाताईंनी ती वाचली आणि विळीवरची गवार जरा जोरात चिरली.

शुक्रवारी दुपारीच ते अर्ज घेऊन कल्याणला पालिकेत गेले. पहिल्या खिडकीवर सांगितलं, हवा आमच्याकडे नाही. दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, हवा आमच्याकडे आहे, पण अर्जात पाणी आहे, ते काढा. पाणी काढलं तर साईनाथरावांचं वाक्य मोडत होतं. त्यांनी नकार दिला. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज शांतपणे वाचला.

"वासाचा नमुना आणलाय?"

"वासाचा नमुना कसा आणणार?"

"लोक आणतात. पिशवीत. गाठ मारून."

"अहो मॅडम, मी या क्षेत्रातला आहे," साईनाथराव म्हणाले आणि सहीखालच्या हुद्द्यावर बोट ठेवलं. बाईंनी हुद्दा पाहिला, साईनाथरावांना पाहिलं, आणि अर्जावर इतक्या जोरात शिक्का मारला की टेबलावरची टाचण्यांची डबी उडाली. "पाण्यात क्लोरीन शून्य लिहिलंय ना? मग हे लॅबचं काम. उद्या माणूस येईल."

साईनाथरावांना वाटलं, उद्या म्हणजे सरकारी उद्या, दिवाळीच्या आसपास. पण दैव फिरलं की सरकारी खातंसुद्धा वेळेवर येतं. शनिवारी सकाळी नऊ वाजता पालिकेच्या पाणी तपासणी लॅबमधला राजरत्न गमरे नावाचा तरुण हातात पेटी घेऊन फाटकात उभा राहिला. तिशीचा, शांत, आणि आल्या आल्या दोनदा शिंकलेला.

"वास फार आहे हो इथे," तो म्हणाला. "रस्त्यावर नव्हता."

विनीतने बाकीच्यांना खाली बोलावलं. रमाबाईंनी येताना तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा आणला. राजरत्नने गूळ खाल्ला, पाणी प्यायला, आभार मानले आणि म्हणाला, "आजी, वाळा घालता वाटतं. आमच्याकडेही घालतात. आता मला नळ दाखवा."

"हेच की नळाचं," रमाबाई म्हणाल्या.

"हे तुमच्या माठाचं. थेट टाकीवरून येणारा नळ कुठला?"

धाकूने आपल्या खोलीबाहेरचा नळ दाखवला. राजरत्नने तो सोडला आणि तसाच वाहू दिला. "दोन मिनिटं सोडायचा आधी," तो जमलेल्यांना म्हणाला. त्या दोन मिनिटांत सगळे शिंकले. मग त्याने साईनाथरावांच्या पेटीतल्यासारखीच नळी भरली आणि पाच थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं. मग नारिंगी झालं. मग थोडं थांबून विटेसारखं लाल झालं. राजरत्नने कार्ड बाजूला धरलं. कार्डावर तो रंगच नव्हता. तो काही वेळ नळीकडे आणि मग इमारतीकडे बघत राहिला.

"हे शून्य कुणी काढलं होतं?" त्याने अर्ज उघडला. "नमुने कुठून घेतले?"

"घरोघरी," साईनाथराव म्हणाले. "ग्राहकाच्या हातून."

"नळातून की हातून?"

रुचिता म्हणाली, "मी फिल्टरचं दिलेलं." सूनबाई म्हणाल्या, "मी उकळलेलं." मग सगळीकडून एकदम आवाज आले, आम्ही पण फिल्टरचं, आम्ही गाळलेलं, आम्ही बाटलीतलं. राजरत्नने सगळ्यांचं ऐकून घेतलं. "फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. उकळलं की उडून जातं. रात्रभर ठेवलं तरी कमी होतं. तुम्ही नळाचं का नाही दिलंत?"

रमाबाईंना हा प्रश्नच अडाणी वाटला. "अरे बाळा, दारात आलेल्या माणसाला नळाचं पाणी कसं द्यायचं?"

राजरत्न खाली वाकला आणि नळ बंद केला. "मग शून्य बघून पावडर वाढवत नेली असेल. किती टाकली काल?"

"आठ करवंट्या," धाकू म्हणाला.

"आठ?" विनीतचा शर्ट, ज्यावर अजून ढग होते, रागाने थरथरला. "अरे, अक्कल आहे का तुला? लहान पोरं आहेत इथे. बास झालं. आजच्या आज खोली खाली कर. सोमवारपासून एजन्सी येईल."

धाकूने साईनाथरावांकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखाद्या क्षणापुरतंच. मग तो म्हणाला, "चुकलं साहेब," आणि आत जाऊन आपली पिशवी शोधू लागला. साहेबांनी सांगितलं म्हणून टाकली, हे चार शब्द त्याच्याजवळ होते. ते त्याने वापरले नाहीत.

साईनाथरावांच्या मनात तेव्हा जे चाललं ते फार थोर होतं असं नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं, गप्प बसावं. धाकूला दुसरीकडे काम मिळेल. आपल्याला या वयात दुसरी सोसायटी मिळणार नाही. दुसऱ्यांदा त्यांना खोलीतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. अठरा वर्षांचा संसार एका पिशवीत मावतोय याची त्यांना लाज वाटली, खरोखरच लाज वाटली, आणि ती धाकूची नव्हती, स्वतःची होती.

"मी सांगितलं त्याला," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "दोन, मग चार, मग आठ. तो नको म्हणत होता. त्याने त्याचा नळही तपासा म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"पण काका, तुम्ही केमिस्ट—" विनीत म्हणू लागला.

"मी केमिस्ट नाही." बोलून टाकल्यावर त्यांना बसावंसं वाटलं, पण खुर्चीत रमाबाई होत्या. "मी डिस्पॅचला होतो. पिंपं मोजायचो. आत काय असतं ते मला आजही माहीत नाही. तुम्ही सगळे मला बावीस वर्षं केमिस्ट समजलात आणि मी समजू दिलं. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

साईनाथरावांनी मान खाली घातली आणि आता काय काय ऐकावं लागेल याची मनाशी तयारी केली. विश्वासघात, फसवणूक, कदाचित वकीलसाहेब एखादं कलमही सांगतील.

"ते ठाऊक आहे हो आम्हाला," रमाबाई म्हणाल्या.

साईनाथरावांनी वर पाहिलं. "काय ठाऊक आहे?"

"डिस्पॅच. तुम्ही राहायला आलात त्याच दिवाळीला हेमाने सांगितलं, चकल्या करताना."

साईनाथरावांनी हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताई पंपाकडे बघत होत्या. बाकीच्यांकडे पाहिलं तर दोन्ही सीए, वकील आणि एक इंजिनीअर समजूतदारपणे माना हलवत होते. रुचितासुद्धा, जिचा तेव्हा जन्म होऊन चारच वर्षं झाली होती.

"मग बावीस वर्षं केमिस्ट, केमिस्ट का म्हणत होतात मला?"

"अहो, नुसतं साईनाथराव म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या मुंग्या बघायला तीन मजले चढून आला असतात का?" रमाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. हिशेब चुकता आणि सोपा होता, तो त्यांनी मांडून दाखवला इतकंच.

फसवणूक झाली होती हे नक्की, फक्त कुणाची झाली ते पुन्हा पहिल्यापासून बघावं लागणार होतं. नासकं दूध, झुरळं, तुंबलेली मोरी, डागाळलेले शर्ट, सगळं साईनाथरावांच्या डोळ्यांसमोरून गेलं. बावीस वर्षं "हं" म्हणून आपण लोकांना झुलवतोय असं ते समजत होते, आणि लोक त्या "हं"ची वाट बघत दारात उभे होते.

राजरत्नला या घरगुती प्रकरणात रस नव्हता, किंवा असला तरी त्याने दाखवला नाही. त्याने फर्मावलं: टाकी आजच्या आज रिकामी करा, धुवा, पुन्हा भरा. पावडर पूर्वीइतकीच, एक करवंटी, ती बरोबर होती. आणि महिनाभर रोज सकाळी थेट नळाचं पाणी तपासून वहीत नोंद ठेवा, मी येऊन बघणार.

"रोज सकाळी?" विनीतने विचारलं. "किती वाजता?"

"सातला. आधी गच्चीवर जाऊन टाकी बघायची, मग खालचा नळ, मग मधल्या एका मजल्यावरचा."

एकाएकी दोन्ही सीएंना फोन आले. वकीलसाहेब बुटाची लेस बांधायला वाकले, चपला घातलेल्या असताना. विनीत म्हणाला की सातला त्याचं योगासनांचं असतं. मग हळूहळू सगळ्या नजरा तिथेच येऊन थांबल्या जिथे बावीस वर्षं थांबत आल्या होत्या.

साईनाथरावांनी चष्मा काढून पुसला. "करीन," ते म्हणाले. "पण धाकू राहणार. हे सभेच्या वहीत लिहा, विनीत. आणि माझ्या नावापुढे केमिस्ट लिहायचं नाही."

विनीतने मनातल्या मनात सकाळचे सात आणि गच्चीचे चार मजले यांचा विचार केला आणि लगेच लिहून टाकलं. धाकूने पिशवीची चेन पुन्हा उघडली. रमाबाई म्हणाल्या, "बरं बाबा, नाही म्हणत केमिस्ट. ही खुर्ची तेवढी वर न्याल का माझी?"

रविवारी सकाळी सातला साईनाथराव वही, पेटी आणि टाकीची चावी घेऊन जिना चढू लागले. पाठीचा कणा ताठ होता. आपल्याला आता कुणीही फसवू शकणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं आणि उडदाच्या पापडांनी भरलेलं मोठं ताट बाहेर आलं. त्याच्या मागे रमाबाई.

"गच्चीवर जाताच आहात, तर एवढे उन्हात ठेवा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही ते पसरायला."

"रमाबाई, मी केमिस्ट नाही."

"हो हो, ठाऊक आहे. डिस्पॅच."

साईनाथरावांनी पेटी खाली ठेवली, ताट हातात घेतलं आणि चष्मा नीट बसवून एकेक पापड बोटाने बाजूला सारत शांतपणे मोजला. त्याला पाच मिनिटं लागली. रमाबाई दारात तिष्ठत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी वही उघडली, कोऱ्या पानावर तारीख आणि नोंद घातली आणि पेन रमाबाईंपुढे धरलं.

"बावन्न नग," साईनाथराव म्हणाले. "दोन फुटके आहेत, तसं लिहिलंय. इथे सही करा."